मांजरे पर्यावरणपूरक लिटर नाकारतात, तेव्हा काय करावे?

सुरंगी (पर्वरी)

नमस्कार मंडळी. पर्वरीतील आमच्या सदनिकेत दोन मांजरे आहेत. काजू हा नसबंदी झालेला बोका आणि शेवंती ही त्याच्याहून लहान भाटी. दोघेही घराबाहेर जात नाहीत, त्यामुळे त्यांची सगळी सोय ट्रेमध्येच करावी लागते. ट्रेमध्ये पसरायच्या शोषक थराला लिटर म्हणतात. आजवर आम्ही ओले झाले की गोळा धरणारे बेंटोनाइट या चिकणमातीचे लिटर वापरत आलो. आपल्याकडे बेंटोनाइट मुख्यतः कच्छ आणि राजस्थानातून येते. ते उघड्या खाणीतून काढले जाते आणि एकदा वापरले की कुजत नाही, जळत नाही, केवळ कचऱ्याचे वजन वाढवते. उघडी खाण मागे काय ठेवून जाते, हे गोव्यातील माणसाला वेगळे सांगायला नको. डिचोली आणि सांग्याकडचे खाणमातीचे ढीग, म्हणजे डंप, आणि पावसाळ्यात त्यांचा गाळ उतरून वाया गेलेली शेते आपण सर्वांनी पाहिली आहेत. म्हणून कुजणारे लिटर वापरायचे, असे आम्ही घरात ठरवले.

मांजरांना मात्र ते मुळीच मान्य नाही. प्रथम लाकडाच्या भुशाचे पेलेट, म्हणजे भुसा दाबून केलेल्या छोट्या कांड्या, आणले. काजूने एक पुढचा पाय आत ठेवला, लगेच उचलून झटकला, मग चारही पाय ट्रेच्या काठावर तोलून तो काही वेळ बसला आणि शेवटी उतरून पायपुसण्यावर लघवी करून आला. शेवंतीने आत जाऊन शी केली, पण ती झाकण्यासाठी पेलेट न उकरता ट्रेची भिंतच खरवडत राहिली. त्यानंतर सोयाबीनच्या चोथ्याचे, तोफू म्हणून विकले जाणारे लिटर आणले. ते शेवंतीने उन्हाळ्यात स्वीकारले होते, परंतु पाऊस सुरू झाल्यावर उघड्या पिशवीतील दाणे फुगले, त्यांना आंबूस वास येऊ लागला आणि तिनेही पाठ फिरवली. सध्या नाइलाजाने पुन्हा बेंटोनाइटवर आलो आहोत. गोव्याच्या हवेत टिकेल आणि मांजरेही स्वीकारतील, असा पर्याय कोणी वापरत असल्यास कृपया सविस्तर लिहावे.

ताळगावकर

एका दिवसात सगळे बदलले, तर कोणतेही मांजर नाकारणारच. जुन्या लिटरमध्ये नवे थोडे थोडे मिसळत जावे आणि प्रमाण हळूहळू वाढवावे. आमच्याकडे याच पद्धतीने काम झाले.

सुरंगी (पर्वरी)

ताळगावकर, मिसळूनच दिले होते. पेलेट चतुर्थांशाहून कमी होते तोवर काजू गप्प होता. प्रमाण वाढताच तो ट्रेजवळ जाऊन वास घेऊन परत फिरू लागला. शिवाय आणखी एक अडचण अशी की बेंटोनाइट गोळा धरते आणि पेलेट विरघळून भुसा होतो, त्यामुळे दोन्ही एकत्र असताना सुपलीने नीट साफही करता येत नाही.

पशुवैद्यक (फोंडा)

सुरंगीताई, सर्वप्रथम एक गोष्ट. बोका ट्रेबाहेर लघवी करू लागला, तर कारण लिटरच आहे असे धरून चालू नये. तो वारंवार ट्रेमध्ये जाऊन कुंथत असेल, थेंब थेंब लघवी होत असेल, लघवीत रक्त दिसत असेल किंवा तो लघवीची जागा सतत चाटत असेल, तर त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे. बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असतो. तो पूर्ण तुंबला, तर एक-दोन दिवसांत जिवावर बेतते. मनाविरुद्ध लिटर दिल्यामुळे मांजर लघवी रोखून धरते आणि ताणामुळे मूत्राशयाचा दाह बळावतो, असेही घडते. त्यामुळे नवीन लिटर नाकारल्यावर 'भूक लागली की खाईल' अशा धर्तीवर मांजराची परीक्षा पाहू नये. जुन्या लिटरचा एक ट्रे कायम उपलब्ध ठेवावा आणि नव्याचा ट्रे त्याच्या शेजारी ठेवावा. ताळगावकरांनी सुचवलेले मिश्रण बऱ्याच मांजरांना चालते, परंतु चोखंदळ मांजराला मिश्रण दिले की त्याची जुनी, विश्वासाची जागाही बिघडते. निवड त्याच्यावर सोपवलेली बरी.

आता नकाराच्या कारणाविषयी. पाळीव मांजराचा पूर्वज आफ्रिका आणि पश्चिम आशियातील कोरड्या प्रदेशांत राहणारे रानमांजर. सैल, बारीक मातीत खड्डा करायचा, त्यात विधी उरकायचा आणि तो बुजवायचा, हे त्याचे मूळ वर्तन. त्यामुळे बहुतेक मांजरांना पायाखाली बारीक कणांचे, उकरता येणारे आणि वासरहित असे काहीतरी हवे असते. बेंटोनाइट लोकप्रिय झाले त्यामागे हेच आहे, कारण त्याचा कण वाळूच्या जवळ जातो. पेलेट मात्र कठीण आणि लांबट असतो आणि पंजाच्या मऊ गादीखाली टोचतो. काजूने पाय झटकणे, काठावर तोल सांभाळून बसणे आणि शेवंतीने भिंत खरवडणे, या तिन्ही खुणा 'मला हा पृष्ठभाग नको' असेच सांगतात. हट्टीपणा म्हणून त्यांच्याकडे पाहू नये.

त्यातच देवदारासारख्या लाकडाचा उग्र वास, किंवा लिंबू, लव्हेंडर अशी सुगंधी मिसळण असेल, तर नकार आणखी पक्का होतो. आपल्याला ताजातवाना वाटणारा वास मांजराच्या नाकाला असह्य होतो, कारण ते नाक आपल्यापेक्षा कितीतरी तीक्ष्ण आहे.

ट्रेकडेही पाहावे. 2014 साली अमेरिकन आणि आंतरराष्ट्रीय मार्जार-वैद्यक संघटनांनी मिळून घरातील घाणीच्या समस्येवर मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांनुसार ट्रेची लांबी मांजराच्या शरीराच्या लांबीच्या सुमारे दीडपट असावी आणि घरात मांजरांच्या संख्येपेक्षा एक ट्रे जास्त असावा. आपल्याकडे दुकानांत मिळणारे बरेच ट्रे धिप्पाड बोक्याला लहानच पडतात. आपल्याकडे दोन मांजरे आहेत, म्हणजे तीन ट्रे हवेत. सदनिकेत ते जड जाते, याची मला कल्पना आहे. तरीही नवा पर्याय रुजवायचा असेल, तर तिसरा ट्रे हीच त्याची प्रयोगशाळा ठरते.

कुळागर (सावईवेरे)

आमच्याकडे नारळ-सुपारीची बाग आहे आणि घरात मांजरांची ये-जा पूर्वापार आहे. आमच्या लहानपणी लिटर ही वस्तूच नव्हती. मांजर परसात जायचे, चुलीची राख टाकलेल्या कोपऱ्यात उकरायचे आणि वर माती ओढायचे. शहरात गेलेल्या मुलीने मांजर पाळले, तेव्हा मी तिला कोकोपीट, म्हणजे काथ्या काढल्यावर उरणारा नारळाच्या सोडणाचा भुसा, वापरून पाहण्यास सांगितले. त्याचा कण बारीक आणि मऊ असतो आणि हाताला तो सुक्या मातीसारखा लागतो. जी मांजरे कधी तरी बाहेर राहिली आहेत, ती ते लवकर स्वीकारतात, असा अनुभव आहे. मुलीचे मांजर रस्त्यावरून उचललेले होते आणि त्याने पहिल्याच दिवशी त्यात खड्डा केला.

त्रुटीही प्रामाणिकपणे सांगतो. कोकोपीट गोळा धरत नाही, ते ओलावा शोषून घेते. म्हणून लघवीची जागा डावाने खोलवर उकरून काढावी लागते आणि काही दिवसांनी सगळाच थर बदलावा लागतो. ते हलके असल्यामुळे मांजराच्या पायाला लागून घरभर पसरते. ट्रेबाहेर काथ्याचे खरखरीत पायपुसणे ठेवल्यास बराच फरक पडतो. विकत घेताना धुतलेले कोकोपीट मागावे, कारण न धुतलेल्यात क्षार जास्त असतात. रोपवाटिकांमध्ये त्याच्या दाबलेल्या विटा मिळतात. वीट पाण्यात भिजवून फुलवायची, उन्हात पुरती वाळवायची आणि मगच वापरायची. पाऊस लागण्यापूर्वी हे काम उरकून कोरडे कोकोपीट झाकणाच्या डब्यात भरून ठेवावे.

आणखी एक सावधगिरी. गोव्यात काजूच्या टरफलांचा ढीग सहज दिसतो आणि 'नैसर्गिक आहे, फुकट आहे' म्हणून ती कोणी वापरायला जाईल, तर त्यांना हात लावू नये. त्या टरफलातील तेल कातडी भाजून काढते. भाताचे तूसही अनेकांना सुचते. त्याचा कण टोकदार असतो आणि त्यावर पाणी शोषले न जाता खाली उतरते. म्हणून तेही बाद.

केवडा (मडगाव)

सुरंगीताईंनी तोफूच्या लिटरबद्दल लिहिले ते अगदी तसेच आमच्याकडेही झाले. मडगावात जून ते सप्टेंबर घरातील मीठसुद्धा पाणी सोडते, तिथे सोयाबीनचा चोथा कोरडा कसा राहणार? त्यात मुंग्याही आल्या. मक्याचे लिटर वापरावे का, असा माझा प्रश्न आहे. त्याचा कण बारीक असतो आणि ते गोळाही धरते, असे वाचले आहे.

पशुवैद्यक (फोंडा)

केवडाताई, कणाच्या दृष्टीने मका चांगला, पण आपल्या हवेत मी तो सुचवणार नाही. ओलसर मक्यावर बुरशी धरते आणि त्यातील काही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करतात. मांजर पंजे चाटते, म्हणजे ट्रेमध्ये जे असेल ते थोडेफार पोटात जातेच. कोरड्या हवेच्या प्रदेशात किंवा सतत वातानुकूलन असलेल्या घरात गोष्ट वेगळी. किनारपट्टीच्या पावसाळ्यात धान्यापासून केलेले कोणतेही लिटर घ्यायचे, तर लहान पिशवी घ्यावी, ती फोडल्याबरोबर हवाबंद डब्यात रिकामी करावी आणि ट्रेमध्ये थर पातळ ठेवावा. किंचितही कुबट वास आला, तर सगळे टाकून द्यावे.

मांडवीकाठ (पणजी)

मला या चर्चेत विल्हेवाटीचा मुद्दा आणायचा आहे, कारण लिटर पर्यावरणपूरक आहे की नाही हे ते कशापासून बनले यावर जितके ठरते, तितकेच ते वापरून झाल्यावर कुठे जाते यावरही ठरते. पिशवीवर 'फ्लश करता येते' असे छापलेले असते. कृपया तसे करू नये. आपल्याकडे बहुसंख्य घरांना सेप्टिक टाकी आणि शोषखड्डा आहे, आणि त्याच आवारात अनेकदा विहीरही आहे. फुगणारा चोथा टाकीत साचून राहतो. दुसरे म्हणजे, मांजराच्या विष्ठेत टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीची अंडी असू शकतात आणि ती सांडपाण्यावरील नेहमीच्या प्रक्रियेत मरत नाहीत. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील समुद्री पाणमांजरांच्या मृत्यूंशी या परजीवीचा संबंध संशोधकांनी दाखवून दिला आहे. आपले सांडपाणीही शेवटी मांडवी, झुआरी आणि समुद्राकडेच जाते.

घरच्या कंपोस्टमध्ये विष्ठा घालण्यालाही याच कारणासाठी माझा विरोध आहे. बादलीतील किंवा मडक्यातील खत ही अंडी मारण्याइतके तापत नाही. विष्ठा वेगळी काढून, गुंडाळून, पंचायत किंवा पालिका सांगेल त्या कचऱ्यात द्यावी. फक्त लघवीने ओला झालेला लाकडी भुसा किंवा कोकोपीट ज्यांच्याकडे जागा आहे त्यांनी विहिरीपासून दूर, जास्वंद-कण्हेरीसारख्या शोभेच्या झाडांच्या आळ्यात पुरावे. भाजीच्या वाफ्यात मुळीच घालू नये. बेंटोनाइट मात्र कधीही ओल्या कचऱ्यात टाकू नये. साळगावच्या कचरा प्रकल्पात 2016 पासून ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस तयार होतो आणि अशा टाक्यांमध्ये गेलेली माती तळाशी बसून जागा अडवते.

आता थोडे अप्रिय वाटेल असे मत मांडतो. परदेशातून जहाजाने येणारे, प्लास्टिकच्या हवाबंद पाकिटातले तोफूचे लिटर हे कच्छहून येणाऱ्या मातीपेक्षा निसर्गाला हलके आहे, असे मी डोळे मिटून मानणार नाही. ज्या मांजराला बेंटोनाइटशिवाय चालतच नाही, त्याच्या मालकाने मातीची नासाडी कमी केली तरी पुष्कळ. सुपलीने दिवसातून दोनदा फक्त गोळे काढले, थर पुरेसा ठेवला आणि संपूर्ण ट्रे उगाच वारंवार ओतून टाकला नाही, तर पिशवी बरीच जास्त टिकते.

सुरंगी (पर्वरी)

मांडवीकाठ, तुमचा शेवटचा मुद्दा पटतो, तरीही मी प्रयत्न सोडणार नाही. मातीची बचत करणे आणि माती न वापरणे यांत अंतर आहे, आणि लाकडाचा भुसा तर आरागिरणीत असाही पडूनच असतो. माझा प्रश्न असा आहे की थेट गिरणीतून भुसा आणला तर?

अबोली (म्हापसा)

सुरंगीताई, गिरणीचा भुसा आणायचाच असेल, तर तिथे काय कापतात हे आधी विचारावे. प्लायवूड, एमडीएफ किंवा औषध मारलेल्या लाकडाचा भुसा नको, कारण त्यात गोंद आणि रसायने असतात. सागवानासारख्या काही लाकडांची बारीक धूळ श्वासातून गेल्यास माणसालाही त्रास होतो, मग ट्रेमध्ये नाक खुपसणाऱ्या मांजराचे काय? मला तरी भट्टीत वाळवलेल्या लाकडाचे पेलेटच त्यातल्या त्यात सुरक्षित वाटतात, फक्त ते पेलेटच्या रूपात देऊ नयेत.

आमच्या भाटीने पेलेट असेच नाकारले होते. नंतर लक्षात आले की खाली विरघळून साचलेल्या भुशात ती आनंदाने उकरते, तिचा राग वरच्या कांड्यांवर आहे. तेव्हापासून मी पेलेट वापरण्याआधीच मोडते. परातीत पेलेट पसरून त्यांवर गरम पाणी शिंपडायचे. पाहता पाहता कांडी फुगते, उकलते आणि तिचा पिवळसर, रव्यासारखा भुसा होतो. लाकडाचा वासही या वेळी वाफेबरोबर बराचसा निघून जातो. मग उन्हात खडखडीत वाळवून पिठाच्या नव्हे, रव्याच्या चाळणीने चाळायचे, म्हणजे अगदी बारीक धूळ खाली पडते आणि वर मऊ, समान कण उरतात. धूळ टाकून द्यायची. पावसाळ्यासाठीचा साठा मी मे महिन्यातच करून ठेवते. पावसात करायची वेळ आली, तर पंख्याखाली वर्तमानपत्रावर पातळ पसरते. वेळ जास्त लागतो, पण जमते.

हा भुसा गोळा धरत नाही. ओली झालेली जागा रंगाने गडद दिसते, तेवढी सुपलीने उचलायची. लघवीतील युरियापासून जीवाणू अमोनिया तयार करतात आणि वास सुटतो, म्हणून दमट दिवसांत ओला भाग ट्रेमध्ये मुक्कामाला ठेवू नये. सकाळ-संध्याकाळ साफ करावे.

पशुवैद्यक (फोंडा)

अबोलीताईंची पद्धत मला फार आवडली, कारण त्यात मांजराची पायाखालची गरज ओळखून वस्तूच बदलली आहे. फक्त चाळताना तोंडाला कापड बांधावे, आणि दमा असलेल्या मांजरासाठी ही पद्धत वापरू नये. सुरंगीताई, तिसऱ्या ट्रेमध्ये असा भुसा सुमारे तीन सेंटीमीटर जाडीचा घालावा आणि त्यात जुन्या ट्रेमधील लघवीचा एक छोटा गोळा ठेवावा. आपला वास सापडला की मांजराला ती जागा आपली वाटते. ट्रेवर झाकण नको. तो खाण्याच्या भांड्यापासून आणि धुलाई यंत्राच्या आवाजापासून दूर असावा.

सुरंगी (पर्वरी)

सर्वांचे मनापासून आभार. काजूची लघवी तपासून घेतली आणि त्यात दोष नाही. तिसरा ट्रे म्हणून दुकानातला न घेता कपडे ठेवण्याचा मोठा प्लास्टिकचा डबा घेतला आणि त्याची एक बाजू कापून खाली केली. त्यात अबोलीताईंच्या पद्धतीने केलेला भुसा घातला. शेवंतीने त्याच संध्याकाळी वास घेतला, आत उतरली, दोन्ही पंजांनी जोरात उकरून कोपरापर्यंत खड्डा केला आणि नंतर तो व्यवस्थित बुजवला. भिंतीला तिने पंजाही लावला नाही. आता ती मातीच्या ट्रेकडे फारशी जात नाही.

काजू लघवीसाठी अजूनही बेंटोनाइटच मागतो, मात्र शी करण्यासाठी तो भुशात जाऊ लागला आहे. त्याला मी आता घाई करणार नाही. दोन ट्रे भुशाचे आणि एक मातीचा अशी मांडणी केली आहे, आणि मातीचा खप आत्ताच निम्म्याहून खाली आला आहे. पायपुसणे धुऊन ठेवले आहे आणि त्यावर पुन्हा काही झालेले नाही.

एक प्रश्न राहतो. माझी भाची गरोदर आहे आणि ती काही आठवडे आमच्याकडे राहायला येणार आहे. घरातील काही जण मांजरे दुसरीकडे ठेवा म्हणतात. त्याची खरोखर गरज आहे का?

पशुवैद्यक (फोंडा)

मांजरे हलवण्याची गरज नाही. विष्ठेतून पडलेली टॉक्सोप्लाझ्माची अंडी ताबडतोब संसर्ग करू शकत नाहीत, त्यांना त्यासाठी एक ते पाच दिवस लागतात. त्यामुळे रोज विष्ठा काढली, तर धोका मोठ्या प्रमाणात टळतो. ट्रे साफ करण्याचे काम भाचीने करू नये, दुसऱ्या कोणी हातमोजे घालून करावे आणि नंतर हात साबणाने धुवावेत. आपली मांजरे बाहेर शिकार करत नाहीत. त्यांना कच्चे मांस देऊ नये. भाचीने स्वतः मांस पूर्ण शिजवूनच खावे आणि कच्च्या भाज्या नीट धुऊन घ्याव्यात, कारण माणसाला हा संसर्ग त्या वाटेनेही होतो. तिच्या प्रसूतितज्ज्ञांच्या कानावर घरात मांजरे असल्याचे घालावे, म्हणजे त्यांना आवश्यक वाटल्यास ते रक्ततपासणी सांगतील.

केवडा (मडगाव)

डॉक्टर, जाता जाता आणखी एक विचारते. आमच्या इमारतीखाली एका भाटीला पिल्ले झाली आहेत आणि त्यांतले एक आम्ही घेणार आहोत. त्याला सुरुवातीपासूनच मोडलेल्या पेलेटचा भुसा दिला, तर चालेल का?

पशुवैद्यक (फोंडा)

चालेल, आणि तेच उत्तम. पिल्लू साधारण तीन-चार आठवड्यांचे झाले की स्वतःहून उकरू लागते आणि त्या काळात पायाखाली जे मिळते त्याची सवय लागते. लहान पिल्ले लिटर तोंडात घालतात. गोळा धरणारी माती पोटात जाऊन फुगू शकते, म्हणून इतक्या लहान वयात ती तशीही टाळावी. पिल्लू दोन महिन्यांचे होईपर्यंत आईजवळच राहू द्यावे. शक्य असल्यास आत्ताच इमारतीखाली, पाऊस लागणार नाही अशा कोपऱ्यात, बुटक्या काठाच्या ट्रेमध्ये हा भुसा ठेवावा. आई त्यात जाऊ लागली, तर पिल्ले तिच्या मागोमाग शिकतील, आणि आईची नसबंदी पिल्लांचे दूध तुटल्यावर करून घ्यावी.